सांध्यातला अंगठा

दोघी बहिणी एकाच कारखान्यात होत्या, त्यामुळे त्यांची नावं कुणी घेतच नसे. थोरली आणि धाकटी, एवढंच. थोरली जोडणीच्या खोलीत, धाकटी चाचणीच्या. एकीनं सांधे जोडायचे, दुसरीनं ते तोडून बघायचे. भट्टीवाले काका यावरून रोज न चुकता एकच विनोद करायचे, "एकीनं संसार मांडायचा आणि दुसरीनं मोडायचा. बरं जमलंय तुमचं!" थोरली जाऊन अकरा महिने झाले होते, काकांनी तो विनोद सोडून दिला होता, पण धाकटीला सगळे अजून धाकटीच म्हणत.

कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांचे कूलर बनत. गरम वायू एका बाजूनं, पाणी दुसऱ्या बाजूनं. हे पत्रे वेल्डिंगनं नाही, ब्रेझिंगनं जोडायचे. दोन पत्र्यांच्या मधे कागदाहून पातळ अशी निकेलची फॉइल ठेवायची, वर वजन बांधायचं आणि हवा काढून घेतलेल्या भट्टीत सगळं तापवायचं. पत्रे वितळत नाहीत, फॉइल वितळते, फटीत भिनते, आणि थंड झाली की दोन पत्र्यांचा एक जीव होतो. पथ्य एकच. आतल्या अंगाला उघडं बोट लागता कामा नये. बोटाचं तेल भट्टीत जळून जातं, पण त्याचा डाग राहतो, आणि वितळलेला धातू त्या डागावरून पाय न टाकता वळसा घालून जातो. तेवढी जागा कोरी राहते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

म्हणून भट्टीच्या प्रत्येक खेपेबरोबर बारा अरुंद पट्ट्या त्याच पद्धतीनं जोडून धाकटीकडे येत. तीन पट्ट्या ती सरळ ओढून तोडायची. नऊ पट्ट्या फटीग मशीनवर चढवायची. ते मशीन पट्टीला ओढायचं आणि सैल सोडायचं, सेकंदाला चाळीस वेळा, पट्टी तुटेपर्यंत. एकदाच जोर लावला तर पुष्कळ सांधे तग धरतात. तोच जोर निम्म्यानं कमी करून लाखो वेळा लावला, की सांधा काय लायकीचा आहे ते कळतं. चांगला सांधा आठ-दहा लाख फेरे काढायचा.

त्या सोमवारी पहिली पट्टी एकसष्ट हजारांवर तुटली.

धाकटी जेमतेम चहा घेऊन खुर्चीत बसली होती. मशीनचा गुणगुणाट थांबला तेव्हा तिला वाटलं, वीज गेली. तिनं दुसरी पट्टी लावली. ती अठ्ठावन्न हजारांवर गेली. तिसरी साठ हजारांवर. सकाळी सरळ ओढलेल्या तीन पट्ट्या मात्र व्यवस्थित होत्या, नेहमीपेक्षा किंचित कमी, बस. तिनं मशीन बंद करून पट्टीची टोकं धरणाऱ्या पकडी तपासल्या, मोजमापाची पट्टी लावून मशीन सरळ आहे का ते दोनदा पाहिलं. मशीन सरळ होतं. ते ती आता प्रत्येक खेपेआधी बघायचीच.

मग तिनं तुटलेला तुकडा भिंगाखाली ठेवला.

नीट भिनलेला सांधा तुटल्यावर राखाडी, खरबरीत दिसतो. हाही तसाच होता, फक्त डाव्या कोपऱ्यात एक नखाएवढा भाग चकचकीत होता. तिथे धातू शिवलाच नव्हता. त्या चकचकीत भागात बारीक रेघा होत्या, एकीच्या आत एक, वळत गेलेल्या. तिला आधी वाटलं पत्रा घासल्याच्या खुणा असतील. तिनं दिवा तिरका केला. घासल्याच्या खुणा सरळ असतात. या रेघा गोल फिरून परत येत होत्या.

बोट होतं ते. बोटाचं टोक.

"कुणीतरी हातमोजा न घालता काम केलंय," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिला हायसं वाटलं. कारण सापडलं की निम्मं काम होतं. पण दुसऱ्या तुकड्यात त्याच कोपऱ्यात बोट थोडं जास्त उमटलं होतं. तिसऱ्यात आणखी. दुपारपर्यंत तिनं पाच पट्ट्या तोडल्या, आणि पाचव्या पट्टीत अख्खा अंगठा होता. रुंद, बोथट, आणि मधोमध एक तिरकी रेघ, सगळ्या वळणांना कापत गेलेली. जुन्या जखमेचा व्रण.

धाकटीनं भिंगावरून डोळा काढला. हात मांडीवर पुसले. बाहेर मोकळ्या आवारात लख्ख ऊन होतं, कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, चाक कुरकुरत होतं. तिनं परत बघितलं.

थोरलीच्या अंगठ्यावरचा तो व्रण तिच्यामुळेच झाला होता. धाकटी पाच वर्षांची असताना थोरली सायकलची चेन बसवत होती आणि हिनं गंमत म्हणून पायडल फिरवलं होतं.

तिनं त्या व्रणाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? तुकडे डबीत घातले, डबी कपाटात ठेवली आणि मॅनेजरांकडे जाऊन म्हणाली, "खेप थांबवा. सांध्यात बोटं लागलीयेत."

मॅनेजर उठून उभेच राहिले. "बोटं? जोडणीच्या खोलीत?"

"हो. सगळ्या पट्ट्यांत एकाच जागी."

"म्हणजे थोरलीच्या जागी आलेली ती नवी," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. सहा महिने झाले नाहीत अजून. थोरलीच्या हाताखाली एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

थोरलीचं नाव त्यांच्या तोंडी आलं आणि धाकटीनं नजर वळवली. कारण थोरलीला जोडणीच्या टेबलावरून उठवलं होतं तेही याच माणसानं, आणि धाकटीच्याच कागदावरून.

ते असं झालं होतं. थोरली जाण्याआधी सहा महिने, धाकटीकडे थोरलीच्याच हातची एक खेप आली आणि पट्ट्या सत्तर-ऐंशी हजारांवर पटापट तुटल्या. धाकटीनं जे दिसलं ते लिहिलं, सांधे कमजोर, जोडणीत दोष असावा. मॅनेजर म्हणाले, वय झालं, नजर कमी झाली असेल, आणि थोरलीला पॅकिंगला पाठवलं. थोरलीनं कारखान्यात एक शब्द काढला नाही. घरी मात्र तिनं बोलणंच टाकलं. दोघी दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहायच्या. थोरली धाकटीचं ताट वाढून ठेवायची, वर झाकण घालायची आणि आपलं ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसायची. "ताई, बोल ना गं," म्हटलं तर उठून भांडी घासायला लागायची. सहा महिन्यांत ती एकदाच बोलली होती. आपले हात उलटेसुलटे बघत, धाकटीकडे न पाहता म्हणाली होती, "माझ्या हाताला झालंय काय, तेच कळत नाही मला." त्यानंतर एका रविवारी सकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती खाली बसली ती उठलीच नाही.

सोमवारी संध्याकाळी धाकटी घरी गेली ती सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी. दोन वर्षांपूर्वी थोरलीनं त्या खिडकीची चौकट स्वतः रंगवली होती, आणि रंग वाळला का हे बघायची तिला इतकी घाई, की अंगठा दाबून बघितला होता. तो ठसा रंगात तसाच राहिला होता. धाकटीनं पर्समधून हातभिंग काढलं, निघताना डबीतून काढून आणलेला पाचवा तुकडा शेजारी धरला आणि रेघा मोजत गेली. मधला भोवरा, त्याच्या खालचा फाटा, व्रणाची सुरुवात. सातव्या रेघेपाशी तिनं मोजणं थांबवलं. गरज नव्हती.

त्या घरात ती एकटी होती, आणि तिला पहिल्यांदाच खिडकीकडे पाठ करून बसवेना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी नवीला बोलावून घेतलं. नवी उंच, सडसडीत मुलगी होती, तिशीच्या आतली, घाबरली की हसायची. ती हसत म्हणाली, "साहेब, हातमोज्याशिवाय मी टेबलापाशीसुद्धा जात नाही."

"मग बोटं काय आकाशातून पडली?"

"ठसे घेऊन बघू," धाकटी मधेच म्हणाली. "सगळ्यांचे. उगाच कुणावर नको."

तिनं घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर एकेकाचा अंगठा घेतला. नवीचा, जोडणीच्या खोलीतल्या आणखी दोघींचा, भट्टीवाल्या काकांचा, स्वतःचासुद्धा. काका म्हणाले, "आता माझी चोरी सापडणार. घरी साखर मीच संपवतो." कुणाचाच अंगठा जुळला नाही. तो व्रण कुणालाच नव्हता. मॅनेजरांनी भिंगातून बघितलं, ओठ मुडपले आणि म्हणाले, "बाहेरचं कुणी आत येतंय म्हणायचं? ते असो. खोलीची जबाबदारी तिची आहे. शुक्रवारपर्यंत सापडलं तर ठीक, नाही तर तिला घरी बसावं लागेल."

नवी त्यानंतर चाचणीच्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली. "ताई, एक विचारू? रागवणार नाही ना?"

धाकटीला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं. ती दचकलीच. "विचार."

"तुम्ही दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसता का?"

"मी? नाही. का गं?"

"नाही, मी कुणाला म्हटलं नव्हतं. पण जेवून परत आले की माझं स्टूल खाली केलेलं असतं. माझे पाय लांब, मी ते पार वर करून ठेवते. रोज येते तर खाली. आणि हातमोजे..." ती हसली. "मी हातमोजे कसेही टाकून जाते. परत येते तर जोडी एकात एक घातलेली, अंगठे आत दुमडलेले. मला वाटलं, तुम्हाला बहिणीची आठवण येते म्हणून येऊन बसत असाल."

थोरली बुटकी होती. हातमोज्यांचे अंगठे आत दुमडून ठेवायची सवय तिचीच, घरातले पायमोजेसुद्धा ती एकात एक घालूनच ठेवायची. धाकटी म्हणाली, "मीच असेन. विसरले असेन." आणि मग तिच्याच लक्षात आलं की आपण किती सहज खोटं बोललो.

बुधवारी दुसरी खेप आली. नवीनं ती दोन हातमोजे एकावर एक चढवून जोडली होती, काका शेजारी उभे राहून बघत होते. पहिली पट्टी चोपन्न हजारांवर तुटली. आत अंगठा होता. दुसरीत दोन अंगठे होते, शेजारी शेजारी. तिसरीत सांध्याची सगळी जागा अंगठ्यांनी भरली होती, एकावर एक, घाईघाईनं दाबलेले, जसं बंद दारावर कुणी आतून हात मारत राहावं. ती पट्टी नऊशे फेरेही टिकली नाही.

धाकटीनं तुकडा खाली ठेवला. आता तिला ती गोष्ट आठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, जी तिनं वर्षभर स्वतःलाही नीट आठवू दिली नव्हती.

थोरलीची खेप तुटली त्याच्या आदल्या दिवशी धाकटीनं मशीनच्या वरच्या पकडीचा जबडा बदलला होता. बदलल्यावर मशीन सरळ आहे की नाही ते तपासायचं असतं. त्याला अर्धा दिवस जातो. तिला घाई होती, तिनं तपासलं नाही. तीन आठवड्यांनी वार्षिक तपासणी झाली तेव्हा कळलं, वरची पकड खालच्या पकडीच्या रेषेत नाही, अर्ध्या मिलिमीटरनं सरकलीय. म्हणजे मशीन पट्टी नुसती ओढत नव्हतं, ओढता ओढता वाकवतही होतं. तशा मशीनवर कुणाचाही सांधा तुटला असता. तिनं पकड सरळ केली, तपासणीच्या कागदावर सही केली, कागद फाईलला लावला. घरी थोरली खिडकीशी पाठ करून जेवत होती. उद्या सांगू, असं धाकटीनं ठरवलं. मग परवा. मग वाटलं, आता सांगितलं तर ती म्हणेल, इतके दिवस का नाही सांगितलंस? आणि मग तो रविवार आला.

जेवणाच्या सुट्टीत जोडणीची खोली रिकामी असते. धाकटी दार ढकलून आत गेली. पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, कुठेही सावली नाही. टेबलावर नवीनं पुसून ठेवलेले पत्रे ओळीनं मांडलेले. स्टूल उंच केलेलं, रिकामं.

ती दाराशी उभी असताना स्टुलातून सुस्कारा सुटल्यासारखा आवाज आला आणि बैठक हळूहळू खाली गेली. कुणी जड अंगानं, दमून बसावं तशी. पार खाली जाऊन थांबली.

तिनं दाराची मूठ घट्ट धरली. पळावंसं वाटलं, पण पळून जायचं कुठे, घरीच ना?

"ताई," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "ताई, तुझ्या हाताला काही झालं नव्हतं गं. मशीन वाकडं होतं. माझं मशीन. मला तीन आठवड्यांनी कळलं आणि मी तुला सांगितलं नाही."

खोलीत काही हललं नाही. दिव्यांची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मला भीती वाटली. तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही बोलले नाही."

टेबलावरचा पहिला पत्रा आरशासारखा चमकत होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात, धाकटीच्या डोळ्यांदेखत, एक अंधुक डाग आला. काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा, पण विरला नाही. रेघा उमटल्या, मग तिरका व्रण उमटला. मग दुसऱ्या पत्र्यावर. मग तिसऱ्या. रिकाम्या खोलीत एकेक पत्रा न चुकता आंधळा होत गेला, आणि धाकटीला कळलं की रिकाम्या खोलीत सांगून भागणार नाही. थोरलीला या टेबलावरून उठवलं होतं ते कागदानं, चार लोकांसमोर.

ती तशीच फाईलच्या कपाटाकडे गेली. जुना अहवाल काढला, तपासणीचा कागद काढला, दोन्हीच्या तारखा लाल पेनानं अधोरेखित केल्या आणि दुरुस्तीचा अहवाल लिहायला बसली. तीनदा फाडला. चौथ्यांदा साधंच लिहिलं. अमुक तारखेच्या चाचणीत मशीनची पकड सरकलेली होती. ती तपासणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. त्या खेपेतले सांधे कमजोर होते असं म्हणायला कोणताही आधार नाही. जोडणाऱ्या कामगाराचा दोष नव्हता. ही गोष्ट मला तीन आठवड्यांनंतर समजली आणि मी ती लपवली.

मॅनेजरांनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला. "हे आत्ता? वर्ष उलटून गेल्यावर? ती बाई गेली. आता कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. आणि तिला."

"तिला म्हणजे?"

धाकटीनं कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "हा कागद जोडणीच्या खोलीच्या फळ्यावर लावायचाय. सगळ्यांना दिसेल असा. आणि नवीला काढू नका. माझ्याकडून एकदा तसं झालंय, दुसऱ्यांदा नको."

"याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना?"

"होऊ दे."

परिणाम झाला. सहा महिन्यांसाठी तिचा सहीचा अधिकार काढून घेतला, तिचा प्रत्येक अहवाल बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं ठरलं. बोटं लागलेल्या दोन्ही खेपांचे कूलर भंगारात गेले. कागद फळ्यावर लागला त्या दुपारी काकांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला, अडखळत, आजूबाजूला दहा-बारा माणसं गोळा झाली होती. वाचून झाल्यावर ते धाकटीकडे न बघता भट्टीकडे निघून गेले. रागावले होते. पुढे तीन आठवडे ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिला त्याचं वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

त्यानंतर नवीचं स्टूल नवीनं ठेवलं तेवढ्याच उंचीवर राहू लागलं. पुढची खेप आली. पहिली पट्टी नऊ लाखांवर तुटली, दुसरी अकरा लाखांवर, आत सगळं राखाडी, भरलेलं. नवी रोज दोनदा येऊन विचारून जायची. शेवटची पट्टी तुटेचना. एक दिवस गेला, दोन गेले, तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा एक कोटीच्या पुढे गेला. तिथे मशीन थांबवायचं असा नियम आहे, आणि मग जोर वाढवून पट्टी तोडायची, आत काय आहे ते बघायला.

धाकटीनं ती तोडली. भिंगाखाली ठेवली. इतका चांगला सांधा तिनं आजवर बघितला नव्हता. काठापासून काठापर्यंत एकसारखा, कुठे टाचणीच्या टोकाएवढी जागासुद्धा कोरी नाही. तिनं दिवा तिरका केला. मग दुसऱ्या बाजूनं तिरका केला. डावा कोपरा बघितला, उजवा बघितला, भिंग बदलून पुन्हा डावा बघितला. चहा गार झाला. गेल्या दोन आठवड्यांत तिला ज्या गोष्टीची इतकी भीती वाटली होती ती गोष्ट तिथे नव्हती, आणि ती शोधणं तिला थांबवता येत नव्हतं.

"काय आलं, ताई?" नवी दारातून विचारत होती.

"स्वच्छ आहे," धाकटी म्हणाली. "काही नाही आत. छान केलंयस तू."

नवी खूश होऊन निघून गेली. धाकटीनं डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि पट्टीचा दुसरा अर्धा भाग भिंगाखाली ठेवला.